ठेव

डनीडिनला जुलैत सूर्य पाचालाच आटोपतो.
मी सहाला येते.
लायब्ररीचा चौथा मजला, बादली, मॉप
आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
मुलांना मी दिसायच्या आधी ऐकू येते.

काय काय सापडतं:
एकाच पायाचा मोजा, कॅल्क्युलेटर,
टिश्यूत गुंडाळलेली दातांची तार,
आणि व्हेप.
फ्लशच्या टाकीमागे, कुंडीतल्या मातीत खोचलेले,
गुलाबी, पोपटी, खेळण्यातले वाटावेत असे.
कचऱ्यात टाकायचे नाहीत, आत बॅटरी असते,
म्हणून मी कपाटात वाळूची बादली ठेवली आहे.
बादलीला आंब्याचा वास येतो.
सामोआत आमच्या दारात आंबा होता.
हा वास त्याचा नाही.
ज्याने आंब्याचं नुसतं नाव ऐकलंय
अशा कुणीतरी तो बनवलाय.

आयोना तिसऱ्या संडासात सापडली.
दारावरून वाफ येत होती.
म्हटलं, बाहेर ये बाई, अलार्म वाजला
तर तीनशे पोरं थंडीत उभी राहतील.
बाहेर आली, बाही मुठीवर ओढलेली.
इन्व्हर्कार्गिलची. दातांची डॉक्टर होणार.
"दिवसभर लोकांच्या हिरड्या बघते, सेफिना,
मला सगळं माहीत आहे."
माहीत असून काय होतं?
रात्री दहाला भात खाऊ नये, हे मलाही माहीत आहे.

आठवड्याने कपाटापाशी आली.
"हे ठेवशील? मी घरी जाईपर्यंत."
मी काय बँक आहे, म्हटलं.
ठेवलं.

साडेआठला आली : एकदाच, फक्त एकदा.
नाही.
नऊ-वीसला येऊन माझ्या हातातला मॉप घेतला,
अख्खा कॉरिडॉर पुसला,
इतका वाईट, की मला परत पुसावा लागला.
दहाला शिवी दिली.
अकराला माफी मागितली,
आणि माफीच्या शेपटाला पुन्हा तेच.
तलफेला लाज नसते. आयोनाला होती.
दोघी एकाच अंगात राहत होत्या,
भाडं निम्मं निम्मं.

एक सांगायचं राहिलं.
एका रात्री कपाटाचं दार लोटून
मी तिचं ते ओढून पाहिलं.
खोकला, डोळ्यांत पाणी, मग डोकं कापसासारखं.
आणि दहा मिनिटांत
हात आपणहून बादलीकडे.
दहा मिनिटांत!
मी, सत्तावन्न वर्षांची,
चर्चमध्ये पहिल्या रांगेत गाणारी.
त्यानंतर माझं "नाही"
पूर्वीसारखं उंचावरून येईना.

ऑगस्टात ती तीन दिवस फिरकली नाही.
चौथ्या दिवशी नवा घेऊन आली, निळा.
"हाही ठेव."
कुठून आणलास, मी विचारलं नाही.
वाळूत जागा होती.

मग एकदा आली, काही मागेना.
दाराला टेकून सफरचंद खात राहिली.
मी वाट पाहत होते तिच्या मागण्याची,
"नाही" जिभेवर तयार.
ती बादलीकडे बघत म्हणाली, "एवढे सगळे?"
एवढेच सापडले, मी म्हटलं.
सफरचंदाचा देठ खिशात घालून गेली.
ते "नाही" मी तसंच घरी नेलं.

परवा मध्यरात्री बसस्टॉपवर भेटली.
रस्ता गोठलेला, दिव्याखाली आम्ही दोघी.
काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं
आणि पांढरा ढग बाहेर आला.
पटकन तिचा हात तोंडावर गेला,
डोळे माझ्याकडे, चोरी पकडल्यासारखे.
मी माझा श्वास सोडला. तोही पांढरा.
मग ती हसत सुटली, खोकत, हसत,
आणि काय सांगणार होती ते विसरून गेली.

बस आली. ती चढली, मी राहिले, माझी दुसरी होती.
वर चौथ्या मजल्यावर
एक खिडकी अजून उजेडात होती.
उद्या वाळू बदलायची आहे.